ओळीवर बोट ठेवून वाचलेले नायक : गंगापूर रोडवरील शनिवारच्या वाचनवर्गाविषयी

नाशिकमध्ये गंगापूर रोडला, जेहान सर्कलपासून चालत पाच-सात मिनिटांच्या अंतरावर, एका निवृत्त प्राध्यापिकेच्या राहत्या घरी दर शनिवारी सायंकाळी साडेपाच ते साडेसात या वेळेत अभिजात साहित्याचा वाचनवर्ग भरतो. जुलैमध्ये सुरू झालेली बारा बैठकांची तुकडी मी नुकतीच पूर्ण केली. या तुकडीचा विषय ‘अभिजात साहित्यातील नायक आणि त्यांची नैतिक वाढ’ असा होता. वर्गाला पाटी नाही, त्याची जाहिरात होत नाही, आणि घर राहते असल्यामुळे नाव-पत्ता कोठेही छापू नये अशी बाईंची इच्छा आहे. ती मी पाळतो. शुल्क ३,६०० रुपये, त्यातच छायाप्रतींची पुस्तिका आणि दर शनिवारचा चहा. जागा सोळा, आमच्या तुकडीत चौदा जण होते आणि शेवटपर्यंत अकरा टिकले.

नाव नोंदविताना माझ्या मनात एक धास्ती होती, ती आधी सांगून टाकतो. ‘नैतिक’ हा शब्द शीर्षकात दिसला की आपल्याकडे पुढे काय वाढून ठेवलेले असते ते आपण शाळेपासून जाणतो. गोष्ट संपायच्या आत तिच्याखाली ‘तात्पर्य’ येते, आणि ते पाठ केले की गोष्ट विसरली तरी चालते. बँकेत २२ वर्षे काम केलेल्या माणसाला शनिवारची संध्याकाळ सुविचारांसाठी द्यावी असे वाटत नाही. परंतु बाईंनी पहिल्याच बैठकीत सांगितले की या खोलीत तात्पर्य काढायचे नाही. दुसरा नियम त्याहून कडक होता: नायकाविषयी जे काही म्हणायचे असेल, ते ज्या ओळीवरून म्हणता ती ओळ आधी दाखवायची. ‘कर्ण फार थोर होता’ किंवा ‘रामाने असे करायला नको होते’ असे कोणी म्हणाले की बाई शांतपणे विचारीत, “कुठे आहे ते? वाचा.” आणि बहुतेक वेळा ते तिथे नसे, आपण ते नाटकातून, मालिकेतून किंवा आजीकडून घेतलेले असे.

बैठकीची पद्धत साधी आहे. पहिली पन्नास मिनिटे आळीपाळीने मोठ्याने वाचन, मध्ये कोणीही बोलायचे नाही. मग आल्याचा चहा आणि खारी. त्यानंतर राहिलेला वेळ चर्चेला. मोठ्याने वाचण्याचे महत्त्व मला आधी कळले नव्हते. डोळ्यांनी वाचताना आपण ज्या ओळीवरून घसरून पुढे जातो, तिच्यापाशी आवाज अडखळतो, आणि नायकाची खरी गोष्ट पुष्कळदा त्या अडखळण्यापाशी असते.

याचा पहिला प्रत्यय युधिष्ठिराने दिला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली गेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झाली. वर्गात तिच्यातील निवडक श्लोक मराठी अर्थासह घेतले होते. ‘नरो वा कुंजरो वा’ ही म्हण आपण सर्रास वापरतो आणि तिच्यामुळे तो प्रसंग आपल्याला चतुराईचा वाटतो. द्रोणपर्वातील मूळ श्लोक मात्र चतुराईविषयी बोलत नाही. तिथे युधिष्ठिराला दोन विशेषणे लावली आहेत: ‘अतथ्यभये मग्नः’ आणि ‘जये सक्तः’. म्हणजे असत्याच्या भीतीत बुडालेला आणि विजयात गुंतलेला. एकाच माणसाच्या मनात एकाच क्षणी ही दोन्ही आहेत, आणि म्हणून ‘हत्ती मेला’ हे शब्द तो ‘अव्यक्तम्’ म्हणजे अस्पष्ट उच्चारतो. त्याआधी त्याचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर राहत असे. ते शब्द तोंडातून निघताच त्याच्या घोड्यांचे पाय जमिनीला लागले.

चार अंगुळे म्हणजे हाताची चार बोटे आडवी धरल्यावर होते तेवढी उंची. बाईंनी सगळ्यांना टेबलावर हात आडवा ठेवून ती बघायला लावली. युधिष्ठिर काही आकाशात उडत नव्हता. आयुष्यभर खरे बोलून मिळविलेले अंतर एवढेच होते, आणि एका अस्पष्ट शब्दाने ते गेले. मी कित्येक वर्षे हा प्रसंग ऐकत आलो आहे, पण त्या उंचीचे माप मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

युधिष्ठिराला एकूण तीन बैठका मिळाल्या आणि त्या योग्यच होत्या, कारण त्याची वाढ शेवटच्या दोन पर्वांपर्यंत गेल्याशिवाय कळत नाही. यक्षप्रश्नात चारांपैकी एका भावाला जिवंत करण्याचा वर मिळाल्यावर तो भीमाला किंवा अर्जुनाला मागत नाही, नकुलाला मागतो. कुंतीचा एक मुलगा आपण जिवंत आहोतच, माद्रीचाही एक राहावा म्हणून. तिथे त्याच्या तोंडी ‘आनृशंस्यं परो धर्मः’ असे शब्द आहेत. ‘आनृशंस्य’ याला मराठीत नेमका शब्द नाही. क्रूर न होणे, दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ न फिरविणे, असे काहीसे. हा विचार तेव्हा त्याच्या बोलण्यात आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तो नकार देतो, तेव्हा तो वागण्यात आला आहे. आणि स्वर्गारोहणपर्वात, दुर्गंधीच्या अंधारात भावांचे आवाज ऐकल्यावर, ‘तू इथे थांबलास की आम्हाला बरे वाटते’ असे ते म्हणताच तो तिथेच राहायचे ठरवितो. दुर्योधन स्वर्गात बसलेला त्याने नुकताच पाहिला आहे आणि तरीही त्याने ही जागा निवडली आहे. त्यानंतर इंद्र त्याला सांगतो की द्रोणाला तू त्याच्या मुलाविषयी ‘व्याजाने’ फसविलेस, म्हणून तुलाही ‘व्याजानेच’ नरक दाखविला. तो अस्पष्ट शब्द महाभारत विसरलेले नाही. अठरा पर्वांच्या ग्रंथात एका शब्दाचा हिशेब इतक्या उशिरा चुकता होतो, हे वर्गात सलग वाचल्यावर अंगावर काटा आला.

कर्णावर एकच बैठक होती आणि ती गाजली, कारण मराठी वाचकाचे कर्णावर प्रेम आहे. बाईंनी कर्णाची बाजू घेणाऱ्यांना उद्योगपर्वातील एक श्लोक वाचायला दिला. कृष्ण त्याला त्याचे जन्मरहस्य सांगतो, त्या संवादात कर्ण म्हणतो की दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना जे कटू बोललो, त्या कृत्याचा आज मला ताप होतो. म्हणजे आपण चुकलो हे त्याला युद्धाआधीच कळले आहे, त्याने ते तोंडाने कबूलही केले आहे, आणि तरीही तो बाजू सोडत नाही. त्याची कृतज्ञता खरी आहे आणि पश्चात्तापही खरा आहे. याला नैतिक वाढ म्हणायचे की नाही यावर दीड तास वाद झाला आणि तो मिटला नाही. माझे मत असे झाले की कर्ण पाहायला शिकला, पण पाहिल्यानंतर पाऊल उचलण्याची मोकळीक त्याने फार आधीच गहाण टाकली होती. इतरांचे मत वेगळे होते आणि त्यांच्याजवळही ओळी होत्या.

अरण्यकांडाची बैठक नाशिककरांसाठी वेगळ्याच अर्थाने जवळची होती. पंचवटी आपली, रामकुंड आपले, गावाच्या नावाची कथाही शूर्पणखेच्या नाकाशी बांधलेली. पण पंचवटीला पोहोचण्याआधी दंडकारण्यात सीता रामाशी जे बोलते ते वर्गातील चौदापैकी दोघांनीच वाचलेले होते. ऋषींच्या रक्षणासाठी राक्षसांना मारण्याचे वचन रामाने दिले आहे. सीता त्याला थांबवून सांगते की इच्छेतून तीन दोष उपजतात: खोटे बोलणे, परस्त्रीची अभिलाषा, आणि वैर नसताना केलेली हिंसा, पहिले दोन तुझ्यात नाहीत, पण तिसऱ्याची मला भीती वाटते. मग ती एक गोष्ट सांगते. एका तपस्व्याच्या आश्रमात इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि त्याने आपली तलवार ठेव म्हणून ठेवली. ठेव सांभाळायची म्हणून तपस्वी कंदमुळे आणायला जातानाही ती बरोबर नेऊ लागला, आणि रोज हातात शस्त्र असता असता त्याची बुद्धी क्रूर झाली.

राम रागावत नाही. ती प्रेमाने बोलली हे तो मान्य करतो, आणि म्हणतो की मी प्राण सोडीन, तुला आणि लक्ष्मणालाही सोडीन, पण दिलेले वचन सोडणार नाही. ही ओळ वाचणाऱ्या मुलीचा आवाज ‘तुला’ या शब्दावर थांबला, कारण पुढे काय होणार ते खोलीतील प्रत्येकाला माहीत होते. त्याच बैठकीत एका सहभागी गृहस्थांनी, ज्यांचे आजोबा २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात होते, उत्तरकांडातील शंबूकाचा, म्हणजे तप करणाऱ्या शूद्राला रामाने मारल्याचा, प्रश्न काढला: ज्या गावात रामाच्या दर्शनासाठी माणसांना सत्याग्रह करावा लागला, तिथे रामाच्या नैतिक वाढीवर बोलताना हे पान उलटून पुढे जाता येईल का? उत्तरकांड हा रामायणाचा नंतर जोडलेला भाग आहे असे अनेक अभ्यासक मानतात, हे बाईंनी सांगितले, पण त्या उत्तरामागे त्या लपल्या नाहीत. पुस्तिकेत नसलेला तो सर्ग त्यांनी कपाटातून काढला आणि तिथेच वाचून घेतला. चर्चा साडेआठपर्यंत चालली. वर्ग प्रामाणिक आहे हे मला ज्या क्षणी पटले तो क्षण हा.

पाश्चात्त्य साहित्याच्या चार बैठका मात्र सारख्या उतरल्या नाहीत. होमरच्या ‘इलियड’मधील शेवटचा, चोविसावा सर्ग आम्ही ज्या मराठीत वाचला, ते इंग्रजीवरून कोणीतरी घाईने केलेले जड भाषांतर होते, वाक्ये कर्त्यापासून क्रियापदापर्यंत पोहोचता पोहोचता दमत होती. तरीही प्रसंगाने तारले. ज्याने आपल्या मुलांना मारले त्या ग्रीक वीर अकिलीसचे हात ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम चुंबितो, दोघेही आपापल्या माणसांसाठी रडतात, हे पुष्कळांना माहीत असते. त्यानंतरचे थोडे कमी माहीत असते. प्रायमचा मारला गेलेला मुलगा हेक्टर याचे शव धुवायला अकिलीस दासींना सांगतो, पण प्रायमच्या नजरेआड. मुलाला पाहून म्हाताऱ्याला राग अनावर झाला तर आपलाही राग उसळेल आणि आपण त्याला मारून बसू, ही त्याला भीती आहे. ज्या काव्याचा पहिलाच शब्द ‘क्रोध’ आहे, त्याच्या शेवटी नायकाचा क्रोध गेलेला नाही. तो कोठे दबा धरून बसला आहे हे त्याला आता ठाऊक आहे, आणि त्याने दुसऱ्याच्या जिवासाठी आधीच तजवीज केली आहे. मला वाटते, या बारा आठवड्यांत ‘वाढ’ या शब्दाचा मला उमगलेला अर्थ इतक्या थोड्या जागेत दुसरीकडे कोठे दिसला नाही.

व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ मधील ‘ले मिझराब्ल’साठी दोन बैठका होत्या. त्यांतील पहिलीच्या दिवशी गंगापूर धरणातून पाणी सोडलेले होते, गोदावरीच्या पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी आल्याचे सगळ्यांच्या फोनवर फिरत होते, आणि आम्ही सहाच जण पोहोचलो. घरातली चांदी चोरणाऱ्यालाच बिशपने मेणबत्त्या लावायचे चांदीचे दीपस्तंभही देऊन टाकल्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक होता. बहिणीच्या मुलांसाठी एक पाव चोरला आणि पळण्याच्या प्रयत्नांमुळे वाढत गेलेल्या शिक्षेची १९ वर्षे भोगली, त्या झाँ वालझाँचे आयुष्य तिथे बदलले असे आपण सांगतो. पण कादंबरीत त्यानंतर लगेच दुसरा प्रसंग आहे. माळावर बसलेल्या वालझाँसमोरून एक लहान मुलगा नाणी उडवीत जातो, चाळीस सूंचे (सू हे जुने फ्रेंच चलन) एक नाणे घरंगळत येते, आणि वालझाँ त्यावर पाय ठेवतो. मुलगा विनवितो, रडतो, शेवटी घाबरून पळून जातो. पुष्कळ वेळाने वालझाँला पायाजवळ ते नाणे चमकताना दिसते, आणि तेव्हा, इतक्या वर्षांनंतर पहिल्यांदा, तो रडतो.

दिंडोरीकडून येणारे एक द्राक्षबागायतदार आमच्या वर्गात होते. एरवी ते फारसे बोलत नसत. त्या दिवशी ते म्हणाले, “बाई, मन त्याचं बदललंय, पण पायाला अजून माहीत नाही. पाय आपल्या सवयीनं पडला.” बाईंनी पुस्तिकेत ती ओळ शोधायला सांगितली आणि खरोखरच पुढच्या परिच्छेदांत लेखक तेच म्हणत होता: चोरी केली ती त्या माणसाने नव्हे, त्याच्यातील सवयीने पाय ठेवला. दीपस्तंभ मिळाल्यामुळे माणूस चांगला होत नाही. आपलाच पाय कोठे पडला आहे हे दिसल्यावर पुढची कथा सुरू होते. युधिष्ठिराच्या घोड्यांचे जमिनीला टेकलेले पाय आणि हा नाण्यावरचा पाय माझ्या मनात तेव्हापासून शेजारी शेजारी आहेत.

दस्तयेव्हस्कीच्या १८६६ मधील ‘गुन्हा आणि शिक्षा’ची बैठक ही या तुकडीतील सर्वांत फसलेली बैठक. त्या शनिवारी बाईंनी एका पाहुण्या वक्त्याला बोलाविले होते आणि त्यांनी लेखकाचे चरित्र, त्याची शिक्षा, त्याचा जुगार, त्याचे आजार यांवर सव्वा तास भाषण केले. कादंबरी वाचायला चाळीस मिनिटे उरली. कादंबरीचा खुनी नायक रस्कोल्निकोव्ह याचा बदल सैबेरियात, अगदी शेवटच्या पानांत, सुरू होतो, आणि ही नव्या गोष्टीची सुरुवात आहे असे सांगून लेखक थांबतो. ती पाने आम्ही धावत वाचली. ज्या वर्गाचा नियम ‘ओळ दाखवा’ असा आहे, त्या वर्गाने स्वतःचा नियम एक दिवस मोडला, आणि ते मी बाईंना त्याच दिवशी सांगितले. त्यांनी मान्य केले.

शेवटची बैठक ‘श्यामची आई’वर होती. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्याच तुरुंगात, ९ ते १३ तारखेच्या दरम्यान लिहिले. ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. लहानपणी रडत वाचलेले पुस्तक पन्नाशीत पुन्हा वाचायची मला थोडी भीती होती. पण बाईंनी आईकडे पाहायला सांगितले नाही, सांगणाऱ्या श्यामकडे पाहायला सांगितले. आश्रमातील मित्रांना रोज रात्री गोष्ट सांगणारा हा मोठा श्याम स्वतःला कोठेही सूट देत नाही. पोहायला जावे लागू नये म्हणून लपून बसलेला, पुस्तकासाठी पैसे चोरणारा, हट्ट करणारा मुलगा तो जसा होता तसा समोर उभा करतो. पोहण्याच्या गोष्टीत आईने शिंपटीने फोडून काढल्यावर तो पाण्यात उतरतो, पण ती गोष्ट तिथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन निघतो. मारामुळे झालेले पोहणे आणि आपण होऊन केलेले पोहणे यांत एका रात्रीचे अंतर आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हे पुस्तक वाचताना मला मारच तेवढा आठवत राहिला होता.

आता सोयी-गैरसोयींविषयी. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला उद्वाहक (लिफ्ट) नाही; गुडघे दुखणाऱ्या दोन ज्येष्ठांनी याच कारणाने वर्ग सोडला. दुचाकी गल्लीत लागते, चारचाकी नेऊ नये. बसायला सतरंज्या आणि सात-आठ खुर्च्या आहेत, त्या आधी येणाऱ्यांच्या. पुस्तिकेची छपाई मात्र सुधारायलाच हवी. छायाप्रतींत अक्षर बारीक आहे, काही पानांची उजवी कड कापली गेल्यामुळे ओळींचे शेवटचे शब्द गायब आहेत, आणि पृष्ठक्रमांक दोन ठिकाणी चुकले आहेत. चुकलेल्या बैठकीचे पैसे परत मिळत नाहीत, पण पुढील तुकडीत ती बैठक विनाशुल्क करता येते, हे मला न्याय्य वाटते. जे लोक परीक्षेच्या तयारीसाठी किंवा प्रमाणपत्रासाठी येतील त्यांची निराशा होईल; येथे टिपणे दिली जात नाहीत. संस्कृत येण्याची गरज नाही. मोठ्याने वाचण्याची लाज मात्र पहिल्या दोन आठवड्यांत सोडावी लागते.

माझी मोठी तक्रार निवडीविषयी होती. नैतिक वाढीच्या बारा बैठकांत स्त्री जी आली ती पुरुषाला काही सांगण्यापुरती: सीता रामाला सावध करते, श्यामची आई श्यामला घडविते. सभापर्वात द्रौपदीने विचारलेला प्रश्न, युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावले की मला, वर्गात ओझरता आला आणि राहून गेला. भर सभेत भीष्मही ज्याचे उत्तर देऊ शकले नाहीत, धर्माची गती सूक्ष्म आहे एवढेच म्हणाले, आणि कौरवांमधून एकटा विकर्ण बोलायला उठला, तो प्रश्न सोडून युधिष्ठिराला तीन बैठका देणे मला पटले नाही. हे मी शेवटच्या दिवशी अभिप्रायाच्या कागदावर लिहून दिले, आणि आणखी तिघांनी तेच लिहिले होते असे नंतर कळले.

दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या तुकडीचा आराखडा बाईंनी मागच्या आठवड्यात पाठविला. त्यात पहिल्या दोन बैठका सभापर्वाच्या आहेत आणि वाचन द्रौपदीच्या प्रश्नापासूनच सुरू होणार आहे. दिंडोरीचे बागायतदार ऑक्टोबर छाटणीची कामे आटोपून येणार आहेत. मी पैसे भरले आहेत. काल चौकशी केली तेव्हा पाच जागा शिल्लक होत्या.